पार्किन्सन्स : आवाज कुणाचा कमी, कान कुणाचे मंद?



शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचतोय ना? मागच्यांनी जरा हात वर करा. ठीक आहे, पोचतोय. हा प्रश्न आम्ही उगाच विचारला नाही. सभेत बोलणारा माणूस निदान असं विचारतो तरी. घरात कोणी विचारत नाही. घरात आपण गृहीतच धरतो, की मी बोललो म्हणजे समोरच्याला ऐकू गेलं. आजचं सगळं बोलणं या गृहीतकाबद्दलच आहे.

आम्ही वाचा-उपचार आणि श्रवण या क्षेत्रात काम करणारी मंडळी. आमच्यातले काही जण लोकांचं बोलणं तपासतात, काही जण कान. पार्किन्सन्स झालेले शुभार्थी आमच्याकडे येतात तेव्हा बहुधा त्यांचे शुभंकर, म्हणजे काळजी घेणारं घरचं माणूस, बरोबर असतं. आणि खुर्चीवर बसेपर्यंत दोघांचं एक भांडण अर्धं झालेलं असतं. एक उदाहरण सांगतो. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.

काका निवृत्त शिक्षक, सत्तरी ओलांडलेले. काकू त्यांच्याहून दोन-तीन वर्षांनी लहान. काकूंनी सुरुवात केली, "हे हल्ली तोंडातल्या तोंडात बोलतात हो. दहा वेळा 'काय?' म्हणून विचारावं लागतं." काका काहीतरी म्हणाले. काय म्हणाले ते आम्हालाही पहिल्यांदा कळलं नाही. पुन्हा विचारलं तेव्हा म्हणाले, "मी नेहमीसारखाच बोलतो. हिचेच कान गेलेत." काकू लगेच म्हणाल्या, "बघा! आत्ता तुम्हाला तरी ऐकू आलं का?"

आम्ही दोघांनाही तपासलं. काकांचा आवाज खरोखरच खाली गेला होता. काकूंच्या कानांची चाचणी केली, तर त्यांना वरच्या पट्टीतले आवाज कमी ऐकू येत होते. काकांच्याही कानांत तोच दोष निघाला. म्हणजे दोघंही खरं बोलत होते, फक्त दोघांनी दोष एकट्या समोरच्याच्या माथी मारला होता. हे भांडण तिसऱ्यानंच, त्या आजारानं, लावून दिलेलं होतं. तो हे कसं करतो आणि आपण काय करू शकतो, हे आज पाहायचं आहे.

हात थरथरतो, एवढाच हा आजार नाही

पार्किन्सन्स म्हणजे कंपवात, आणि कंपवात म्हणजे हात थरथरणं, असं बहुतेकांना वाटतं. जेम्स पार्किन्सन या लंडनच्या डॉक्टरांनी १८१७ मध्ये या आजारावर छोटंसं पुस्तक लिहिलं. त्यात अवघ्या सहा रुग्णांची वर्णनं आहेत, पण बोलणं समजेनासं होतं याची नोंद त्यांनी तेव्हाच करून ठेवली होती. दोनशे वर्षं झाली तरी आपलं लक्ष मात्र हातावरच असतं.

मध्यमेंदूत पेशींचा एक छोटा काळसर पुंजका असतो. तिथल्या पेशी डोपामिन नावाचं रसायन तयार करतात. पार्किन्सन्समध्ये या पेशी हळूहळू नष्ट होतात. मेंदूचा जो भाग हालचालींचं नियोजन करतो, त्याला हे डोपामिन लागतं. साध्या शब्दांत सांगायचं तर हालचाल किती मोठी करायची याचं माप ठरवायला ते लागतं.

डोपामिन कमी झालं की हे माप आखडतं. पाऊल लहान पडतं. चालताना हात कमी हलतो. चेहऱ्यावरचे भाव कमी होतात. अक्षर बारीक होत जातं. आमच्या त्या काकांनी आयुष्यभर फळ्यावर टपोऱ्या अक्षरांत लिहिलं होतं. आता बँकेतून त्यांचा चेक परत यायला लागला, कारण सही जुळत नव्हती. ओळ सुरू होताना अक्षर बरं असायचं आणि शेवटाकडे मुंगीएवढं व्हायचं.

आता एक गोष्ट लक्षात घ्या. बोलणं हीसुद्धा हालचालच आहे. छातीची, स्वरयंत्राची, जिभेची, ओठांची. हाताच्या अक्षराचं जे होतं, तेच तोंडातल्या अक्षराचं होतं.

आवाजात नेमकं काय बदलतं?

बोलायला तीन गोष्टी लागतात. पहिली हवा. फुप्फुसातून पुरेशा जोरानं हवा वर यावी लागते. दुसरे स्वरतंतू. गळ्यातल्या स्वरयंत्रात हे दोन पडद्यांसारखे तंतू असतात. ते एकमेकांना नीट भिडून थरथरले की आवाज निघतो. तिसरी गोष्ट म्हणजे त्या आवाजाला अक्षराचा आकार देणारी जीभ, ओठ, टाळू आणि जबडा.

पार्किन्सन्समध्ये या तिन्ही ठिकाणी माप आखडतं. छातीचे स्नायू ताठर झाल्यानं श्वास उथळ होतो. स्वरतंतू पूर्ण मिटत नाहीत, मध्ये फट राहते, आणि हवा तिथून निसटते. म्हणून आवाज हळू, घोगरा किंवा नुसताच वाऱ्यासारखा येतो. जीभ आणि ओठ जिथपर्यंत जायला हवेत तिथपर्यंत जात नाहीत, त्यामुळे अक्षरं एकमेकांत मिसळतात. काही जण भराभर बोलतात, उतारावरून सायकल सुटावी तसं. काहींना पहिला शब्दच लवकर फुटत नाही.

आपल्या मराठीत याचा त्रास कुठे जाणवतो पाहा. ख, घ, ठ, भ या अक्षरांना हवेचा जोराचा झोत लागतो. तो कमी पडला की 'भात' आणि 'बात' यांतला फरक पुसट होतो. 'ळ' आणि 'ण' यांना जीभ मागे वळवून टाळूला लावावी लागते. ती तिथपर्यंत पोचली नाही, तर 'बाळ' आणि 'बाल' सारखेच वाटायला लागतात.

दुसरी गोष्ट चालीची. आवाजाचा चढउतार कमी होतो आणि बोलणं एकसुरी होतं. मराठीत आपण कितीतरी प्रश्न 'का' न लावता, नुसत्या सुरावर विचारतो. 'जेवलीस?' आणि 'जेवलीस.' शब्द एकच, पण शेवटी सूर वर गेला तर चौकशी, खाली आला तर विधान. सूर वर जाणंच बंद झालं की काका चौकशी करतात आणि काकूंना ती नोंद घेतल्यासारखी वाटते. त्यातून चेहऱ्यावर भाव नाहीत. मग घरात म्हणतात, "यांना आता कशाचं काही वाटत नाही." त्यांना वाटत असतं हो. ते वाटणं बाहेर पोचवणारे स्नायू साथ देत नाहीत.

हे किती जणांना होतं? १९७८ मध्ये अमेरिकेत पार्किन्सन्सच्या २०० रुग्णांचं बोलणं तपासलं गेलं. त्यांतल्या ८९ टक्के लोकांच्या आवाजात दोष आढळला. म्हणजे दहातल्या जवळजवळ नऊ जणांना. आवाज किती कमी होतो? साधारण त्याच वयाच्या निरोगी लोकांच्या तुलनेत २ ते ४ डेसिबलनं. आकडा किरकोळ वाटतो. पण डेसिबलची मोजपट्टी निराळी असते. आवाज ३ डेसिबलनं घटला, की ध्वनीची ऊर्जा निम्मी झालेली असते. डोक्यावर पंखा फिरतोय, कुकरची शिट्टी होतेय, टीव्हीवर मालिका चालू आहे. अशा घरात निम्मी ऊर्जा म्हणजे वाक्य बुडालंच.

हे बदल कधीकधी फार लवकर सुरू होतात. मुष्टियोद्धा मुहम्मद अली यांचं उदाहरण आहे. जितके ते ठोशांसाठी प्रसिद्ध, तितकेच बोलण्यासाठी. त्यांच्या आजाराचं निदान १९८४ मध्ये झालं. पुढे अमेरिकेतल्या संशोधकांनी त्यांच्या जुन्या मुलाखतींच्या ध्वनिफिती तपासल्या. १९६८ ते १९८१ या काळात त्यांच्या बोलण्याचा वेग सुमारे २६ टक्क्यांनी मंदावला होता. म्हणजे निदानाच्या आधीच. त्यांच्या डोक्याला बसलेल्या ठोशांचा वाटा यात असणारच, त्यामुळे हे उदाहरण सगळ्यांना जसंच्या तसं लावता येणार नाही. पण बोलणं पुष्कळ आधी खूण देऊ शकतं, एवढं त्यातून कळतं.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट : स्वतःचा आवाज स्वतःला कळत नाही

आता आम्ही पुन्हा त्या काकांकडे वळतो. "मी नेहमीसारखाच बोलतो," असं ते म्हणाले. ते खोटं बोलत होते का? हटवादीपणा करत होते का? नाही. त्यांना खरोखरच तसं वाटत होतं.

आपण बोलतो तेव्हा आपला मेंदू सारखं आपलंच बोलणं ऐकत असतो आणि मोजत असतो. १९११ मध्ये एत्येन लोंबार या फ्रेंच डॉक्टरांनी एक साधी गोष्ट दाखवून दिली. आजूबाजूला गोंगाट वाढला, की माणूस आपोआप, न ठरवता, मोठ्यानं बोलायला लागतो. मंडईत आपण सगळेच ओरडून बोलतो, ते काही कुणी शिकवलेलं नसतं.

पार्किन्सन्स झालेल्यांवर असेच प्रयोग झाले. गोंगाट वाढवला, तरी त्यांचा आवाज इतरांइतका वाढला नाही. आपण किती मोठ्यानं बोललो असं विचारलं, तर त्यांचा अंदाज प्रत्यक्षापेक्षा जास्त निघाला. पण त्यांनाच स्पष्ट सांगितलं, की "आता मोठ्यानं बोला", तर ते बोलू शकले. हे फार महत्त्वाचं आहे. यंत्र बंद पडलेलं नाही. काटा चुकीचा दाखवतोय. वाण्याच्या तराजूला झोल असला की तो पाव किलो कमी देतो आणि त्याला मनापासून वाटतं की माप बरोबर आहे. तसंच हे.

आम्ही काकांना वर्तमानपत्रातल्या चार ओळी वाचायला सांगितल्या. मोबाइलवर ते रेकॉर्ड केलं. मग म्हटलं, "आता सर, वर्गातल्या शेवटच्या बाकावरच्या मुलाला ऐकू जाईल असं वाचा." त्यांनी वाचलं. आवाज खणखणीत आला, काकू दचकल्याच. काका मात्र ओशाळले. म्हणाले, "हे फार होतंय. मी ओरडतोय असं वाटतं." मग दोन्ही रेकॉर्डिंग त्यांना ऐकवली. पहिलं ऐकून ते गप्प झाले. थोड्या वेळानं म्हणाले, "हा मी असा बोलतो?"

घरातल्या मंडळींनी हे मनावर कोरून ठेवावं. "जरा मोठ्यानं बोला ना, किती वेळा सांगायचं!" असं आपण वैतागून म्हणतो, तेव्हा समोरच्या माणसाला मनातून वाटत असतं की आपण मोठ्यानंच बोलतोय. त्याला जे 'ओरडणं' वाटतं, ते आपल्यासाठी साधं बोलणं असतं. मग दिवसाला वीसदा 'काय?' ऐकून तो बोलायचंच सोडतो. फोन आला की हात हलवून "तूच बोल" म्हणतो. लग्नाकार्यात कोपऱ्यातली खुर्ची धरतो. नातवंडं दोनदा विचारतात, तिसऱ्यांदा विचारत नाहीत. माणूस घरात असतो, पण घराच्या बोलण्यातून बाहेर पडतो. आमच्या दृष्टीनं थरथरणाऱ्या हातापेक्षा हे नुकसान मोठं आहे.

आता कानांकडे वळू या

बोलण्याबद्दल निदान तक्रार तरी होते. कानांबद्दल फारसं कोणी बोलत नाही. वय झालं की कमी ऐकू यायचंच, असं म्हणून आपण सोडून देतो.

वयानुसार ऐकू कमी येतं हे खरंच. आणि ते बहुधा वरच्या पट्टीतल्या आवाजांपासून सुरू होतं. स, श, च, फ, त अशी व्यंजनं या पट्टीत येतात, स्वर खालच्या पट्टीत असतात. म्हणून माणूस म्हणतो, "आवाज येतो, पण शब्द कळत नाही." तो बहिरा नसतो. त्याला वाक्याचे स्वर मिळतात, व्यंजनं गळतात.

पार्किन्सन्स असलेल्या लोकांत हा दोष त्याच वयाच्या इतरांपेक्षा जास्त आढळतो, असं अनेक अभ्यासांत दिसलं आहे. याचं एक संभाव्य कारण असं सांगितलं जातं. डोपामिन फक्त मेंदूच्या त्या पुंजक्यातच नसतं. आतल्या कानात गोगलगाईच्या शंखासारखा एक भाग असतो, तिथे आवाजाचं रूपांतर मज्जातंतूच्या संदेशात होतं. त्या मज्जातंतूवर फार ताण येऊ नये म्हणून तिथेही डोपामिन काम करतं, असं प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसलं आहे. ते कमी पडलं तर कानाचं संरक्षणही कमी पडत असावं.

२०२४ मध्ये ब्रिटनमधल्या सुमारे १ लाख ५९ हजार लोकांच्या माहितीवर आधारित एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात गोंगाटात बोलणं ऐकू येण्याची क्षमता मोजली होती. ही क्षमता दर १० डेसिबलनं घटत गेली, तशी पुढे पार्किन्सन्स होण्याची शक्यता ५७ टक्क्यांनी वाढलेली दिसली. घाबरून जाऊ नका. मुळात हा आजार होणाऱ्यांची संख्या कमी असते, त्यामुळे त्या थोड्या शक्यतेत झालेली ही वाढ आहे. शिवाय दोन गोष्टी बरोबर चालतात म्हणजे एकीमुळे दुसरी होते, असं सिद्ध होत नाही. ऐकू कमी येणाऱ्या बहुतेकांना पार्किन्सन्स होत नाही. पण या आजारात कान तपासायलाच हवेत, एवढं म्हणायला हे पुरेसं आहे.

आणि ऐकणं म्हणजे फक्त कान नव्हे. कानानं पाठवलेलं मेंदूला समजून घ्यावं लागतं. पार्किन्सन्समध्ये कधीकधी याला वेळ लागतो. चार माणसं एकदम बोलत असली की धागा सुटतो. आवाजातला राग, थट्टा, काळजी ओळखणंही काहींना अवघड जातं. त्या काकू म्हणाल्या होत्या, "मी किती चिडले होते, यांना पत्ताच नाही." पत्ता नव्हता हे खरं, पण त्याला बेफिकिरी म्हणता येणार नाही.

आता सगळं एकत्र करून पाहा. काकांचा आवाज हळू. त्यांना तो हळू वाटत नाही. व्यंजनं पुसट. काकूंचे कान नेमकी तीच व्यंजनं गाळतात. काकू 'काय?' म्हणतात त्यातला थकवा काकांना कळत नाही, काकांच्या चेहऱ्यावरून काकूंना काही कळत नाही. दोन माणसांमधल्या पुलाची दोन्ही टोकं एकदम खचली आहेत. म्हणून आम्ही म्हणतो, तपासणीला एकट्यानं येऊ नका. दोघांचे कान तपासा, आणि शुभार्थींचा आवाज तपासा.

औषधानं बोलणं सुधारतं का?

हा प्रश्न हमखास येतो. लेव्होडोपाच्या गोळीनं ताठरपणा, मंदपणा कमी होतो, काही जणांना कंपातही फरक पडतो. बोलण्यावर मात्र तिचा परिणाम तितका भरवशाचा नसतो. काहींना गोळीचा असर असताना बोलणं सोपं जातं, काहींना फारसा फरक जाणवत नाही. मेंदूत तारा बसवण्याची शस्त्रक्रिया हालचालींसाठी अनेकांना उपयोगी पडते, पण तिच्यानंतर काहींचं बोलणं आणखी अस्पष्ट होतं. ती करायची असेल तर याबद्दल आधीच डॉक्टरांशी बोलून घ्या. आणि बोलण्यासाठी म्हणून गोळीची मात्रा स्वतःच्या मनानं कधीही बदलू नका.

बोलण्यावरचा मुख्य उपाय म्हणजे सराव. त्यातला सर्वांत जास्त अभ्यासला गेलेला प्रकार अमेरिकेत जन्मला. अ‍ॅरिझोना राज्यात ली सिल्व्हरमन नावाच्या बाईंना पार्किन्सन्स होता. त्यांचं बोलणं आपल्याला ऐकू यावं आणि समजावं, एवढीच घरच्यांची इच्छा होती. लॉरेन रेमिग या वाचातज्ज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ च्या सुमाराला यासाठी एक पद्धत विकसित केली. ती आज त्या बाईंच्याच नावानं ओळखली जाते.

या पद्धतीत जीभ इथे ठेवा, श्वास असा घ्या, ओठ असे हलवा, अशा दहा सूचना नसतात. एकच सूचना असते, मोठ्यानं. आठवड्यातून चार दिवस, रोज एक तास, असं चार आठवडे. एकूण सोळा बैठका, आणि घरी रोजचा सराव वेगळा. मोठ्यानं बोलायला गेलं की श्वास आपोआप खोल होतो, स्वरतंतू नीट मिटतात, तोंड जास्त उघडतं आणि अक्षरं स्पष्ट होतात. एका माणसाला ढकललं की पूर्ण रांग पुढे सरकते, तसं. आणि सगळ्यात मुख्य म्हणजे तराजूचा काटा पुन्हा लावला जातो. 'हे ओरडणं नाही, हेच माझं साधं बोलणं', हे पुन्हापुन्हा ऐकून मेंदूला पटवलं जातं.

याचा उपयोग होतो का? ब्रिटनमध्ये पार्किन्सन्स असलेल्या ३८८ लोकांवर एक मोठी चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०२४ मध्ये आले. ही पद्धत तिथल्या सरकारी दवाखान्यांतल्या नेहमीच्या वाचा-उपचारांपेक्षा जास्त उपयोगी ठरली. सराव सोडला की फायदा ओसरतो, हेही खरं आहे. दात घासणं जसं एकदा शिकून संपत नाही, तसं हे आहे.

घरी काय करायचं?

आधी आवाज तज्ज्ञांकडून तपासून घ्या. नुसतं घसा ताणून ओरडण्यानं आवाज बसतो, ते करायचं नाही. जोर पोटातून यायला हवा, मान आणि गळा सैल हवा. एकदा पद्धत समजली, की घरी पुष्कळ करता येतं.

सकाळी गोळीचा असर सुरू झाला की ताठ बसा. खोल श्वास घेऊन 'आ' म्हणा, शक्य तितका लांब आणि एकसारखा. असं आठ-दहा वेळा. मग लहानपणी पाठ केलेले पाढे म्हणा. तुमच्या पिढीला पावकी-निमकीसुद्धा येत असेल, तीही म्हणा. पाढे निवडायचं कारण असं, की ते आठवावे लागत नाहीत, त्यामुळे सगळं लक्ष आवाजावर राहतं. रोजची आरती, स्तोत्र, भजन मनातल्या मनात म्हणू नका. दुसऱ्या खोलीतल्या माणसाला ऐकू गेलं पाहिजे. मग घरात रोज लागणारी दहा वाक्यं निवडा, 'चहा झाला का', 'दार उघडलं का कुणी', अशी, आणि ती मोठ्यानं म्हणा. शेवटी वर्तमानपत्रातली एक बातमी वाचा. आठवड्यातून एकदा मोबाइल हातभर अंतरावर ठेवून रेकॉर्ड करा आणि स्वतः ऐका. तुमचा कान तुम्हाला फसवतो, रेकॉर्डिंग फसवत नाही.

आता शुभंकरांसाठी. स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत संवाद करू नका. समोर या, चेहरा दिसू द्या, उजेडात बसा. महत्त्वाचं बोलायचं असेल तर टीव्ही बंद, पंखा कमी. एक प्रश्न विचारला की थांबा. मनात पाच अंक मोजा, मगच पुढचं बोला. पुष्कळदा उत्तर येत असतं आणि आपणच ते तोडतो. त्यांचं वाक्य आपण पूर्ण करू नका. नुसतं 'काय?' म्हणू नका, जेवढं कळलं तेवढं परत म्हणा, "संध्याकाळी कुणाकडे जायचं म्हणालात?" म्हणजे त्यांना एकच शब्द पुन्हा सांगावा लागतो. आणि वैतागाच्या शंभर शब्दांऐवजी एक ठरलेली खूण ठेवा. हात वर केला की 'मोठ्यानं'. ही खूण दोघांनी मिळून ठरवा, म्हणजे तिच्यात टोचणी राहत नाही.

कानांचं म्हणाल, तर आधी मळ तपासून घ्या. कधीकधी तेवढ्यानंच काम होतं. मग श्रवणचाचणी. कानाचं मशीन सांगितलं तर ते लावायला लाजू नका. हात थरथरत असल्यानं बारीक सेल बदलणं जमत नसेल, तर चार्जिंगची मशीनं मिळतात, तसं आधीच सांगा. चाचणीची सोय कुठे, असं पुष्कळ जण विचारतात. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था आहे, म्हैसूरला अखिल भारतीय वाक् श्रवण संस्था आहे. शिवाय मोठ्या रुग्णालयांच्या कान-नाक-घसा विभागात चौकशी करा.

तीन इशारे. पाणी किंवा चहा पिताना वरचेवर ठसका लागत असेल, जेवल्यावर आवाज ओलसर, घरघरता होत असेल, तर ते गिळण्यातल्या दोषाचं लक्षण असू शकतं. लगेच डॉक्टरांना सांगा, कारण अन्न-पाणी श्वासनलिकेत गेलं तर न्युमोनिया होऊ शकतो. घोगरेपणा तीन आठवड्यांहून जास्त राहिला, तर पार्किन्सन्स आहेच म्हणून सोडून देऊ नका, घसा तपासून घ्या. आणि बोलणं अचानक, काही मिनिटांत अडखळायला लागलं, तोंड वाकडं झालं, तर तो पार्किन्सन्स नाही. पक्षाघात असू शकतो. तडक रुग्णालय गाठा.

श्रोत्यांचे काही प्रश्न

एका ताईंनी चिठ्ठी पाठवली आहे, "बाबांचा आवाज फारच गेलाय, आता सुरुवात करून उपयोग आहे का?" आहे. लवकर सुरुवात केली तर जास्त चांगलं, पण उशीर झाला म्हणून दार बंद होत नाही. फारच हळू आवाज असेल तर गळ्यात अडकवायचा छोटा माईक-स्पीकर मिळतो, शिक्षक किंवा गाइड वापरतात तसा. तो वापरणं म्हणजे हार नव्हे.

दुसरा प्रश्न, "आमचे हे बाहेरच्यांशी, डॉक्टरांशी छान बोलतात, घरी मात्र पुटपुटतात. हे मुद्दाम करतात का?" नाही हो काकू. डॉक्टरांसमोर ते ठरवून, लक्ष देऊन बोलतात. लक्ष दिलं की जमतं, हे आपण मघाशी पाहिलं. पण दिवसभर तसं लक्ष देणं थकवणारं असतं. घरी माणूस सैल होतो आणि आजार पुढे येतो.

तिसरा प्रश्न एका आजोबांनी स्वतः उभं राहून विचारला, आणि तो मागच्या रांगेपर्यंत पोचला, त्याबद्दल त्यांना टाळ्या. त्यांनी विचारलं, "मोठ्यानं बोललो की लोकांना वाटतं मी भांडतोय. मग काय करू?" आजोबा, तुम्हाला तसं वाटतं. शेजारच्या खुर्चीवरच्या आजींना विचारू या. आजी, ते भांडल्यासारखं वाटलं का? आजी मानेनं नाही म्हणतायत. तुमच्या कानापेक्षा त्यांच्या मानेवर विश्वास ठेवा.

जाता जाता त्या काका-काकूंचं सांगतो. काकूंना मशीन लागलं, काकांनी सोळा बैठका पूर्ण केल्या. आजार गेला नाही, तो जाणारही नाही. पण शेवटच्या दिवशी आल्या आल्या काकू तक्रार करायला लागल्या, "आता हे दिवसभर मला सूचना देतात, आमटीत मीठ कमी, दूध उतू जातंय, आणि सगळं ऐकू येतं!" काका शेजारी बसून म्हणाले, "मग काय, ऐकायचंच होतं ना?" हे मात्र आम्हाला पहिल्याच वेळी ऐकू आलं.

आज घरी गेल्यावर एवढंच करा. समोरासमोर बसा, टीव्ही बंद करा, आणि एकमेकांना विचारा, "माझा आवाज पोचतोय का?"